मॉस्कोहून नेव्हातीरी : एका जलमार्गाचा अभ्यास

विद्यार्थिमित्रहो, हा लेख वाचावयास घेण्यापूर्वी युरोपचा नकाशा समोर उघडून ठेवा. प्रथम त्यावर मॉस्को शहर शोधा. ते समुद्रापासून फार दूर, भूमीच्या अगदी पोटात वसलेले आहे. त्यामधून वाहणारी मॉस्क्वा नदी ओका नदीला मिळते, ओका व्होल्गेला मिळते, आणि व्होल्गा दक्षिणेस जाऊन कास्पियन समुद्रात रिती होते. आता वायव्येकडे सेंट पीटर्सबर्ग पाहा. ते नेव्हा नदीच्या मुखाशी आहे आणि नेव्हेचे पाणी बाल्टिक समुद्रात जाते. म्हणजे एका शहरावर पडलेला पाऊस दक्षिणेच्या समुद्राला मिळतो, तर दुसऱ्यावर पडलेला पश्चिमेच्या; दोहोंच्या मध्ये जलविभाजक उंचवटा आहे. असे असताही, बर्फ वितळल्यावर मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत तीन-चार मजल्यांची पांढरी प्रवासी जहाजे मॉस्कोच्या उत्तर धक्क्यावरून सुटतात आणि साधारण आठवडाभराने त्याच प्रवाशांसह नेव्हेच्या काठी जाऊन लागतात. लोहमार्गाने हे अंतर सुमारे ६५० किलोमीटर आहे. पाण्याने ते दुपटीपेक्षा कमी भरत नाही.

प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत या सफरीला ‘व्होल्गेवरील सहल’ असे गोड नाव दिलेले असते. ते अर्धेच खरे आहे. या वाटेवर मोकळी, आपल्या मर्जीने वाहणारी व्होल्गा फारच थोडी भेटते. उरलेली वाट कालव्यांची, धरणांमागील कृत्रिम सरोवरांची आणि बांध घातलेल्या नद्यांची आहे. हा मार्ग निसर्गाने दिलेला नाही. तो तीन शतकांच्या काळात माणसांनी बांधला. काठावरची सोनेरी घुमटांची चर्चे पाहताना डोळे दिपतात हे खरे. परंतु ज्या पाण्यावरून आपण ती पाहतो, ते पाणी तेथे कसे आले आणि कोणाच्या श्रमाने आले, हे कळल्याखेरीज हा प्रवास समजला असे म्हणता येणार नाही.

जहाज चढ कसा चढते, हा पहिला प्रश्न. त्यासाठी जलपाश बांधतात. इंग्रजीत त्यास लॉक म्हणतात. आपल्या गोमंतकातील मुलांनी खाजनाच्या बांधावरील मानस पाहिलेली असते. भरतीचे पाणी दाबू लागले की तिच्या फळ्या आपोआप मिटतात आणि ओहोटीला शेतातील पाणी बाहेर जाऊ देतात. जलपाशाची दारेही पाण्याच्या दाबानेच घट्ट बसतात. मात्र तेथे अशा दोन दारांच्या मध्ये एक लांबच लांब हौद असतो. जहाज हौदात शिरते, मागचे दार मिटते, वरच्या बाजूचे पाणी हौदात सोडतात, आणि पाण्याबरोबर शेकडो प्रवाशांसह ते जहाज इमारतीच्या दोन-तीन मजल्यांइतके वर उचलले जाते. मग पुढचे दार उघडते. उतरताना याच्या उलट. यात यंत्राची करामत फारशी नाही. पाणी आपली पातळी शोधते, एवढ्या एका नियमावर सारे चालते.

मॉस्कोहून निघालेले जहाज प्रथम १२८ किलोमीटर लांबीच्या मॉस्को कालव्यातून उत्तरेकडे जाते आणि सहा जलपाश उतरून व्होल्गेला मिळते. येथे एक गंमत ध्यानात घ्या. कालव्याचा माथा व्होल्गेवरील धरणाच्या पाण्यापेक्षा सुमारे ३८ मीटर उंच आहे. तेव्हा व्होल्गेचे पाणी मॉस्कोकडे आपण होऊन येणे शक्यच नाही. ते पाच ठिकाणी प्रचंड पंप लावून वर चढविले जाते. मॉस्कोवासी आज जे पाणी पितात त्यातील मोठा भाग असा चढून आलेला आहे.

हा कालवा १९३२ ते १९३७ या पाच वर्षांत खोदला गेला. यांत्रिक साधने होती, पण थोडी. मुख्य भिस्त फावडे आणि हातगाडी यांवर होती. ती चालविणारे हात कैद्यांचे होते. द्मित्रोव्ह या गावी त्यांच्या छावणीचे मुख्य ठाणे होते आणि गावाच्या नावावरून तिला ‘द्मितलाग’ म्हणत. त्या कैद्यांत चोर-दरोडेखोर होते, तसेच शेती सामुदायिक करण्याच्या मोहिमेत घरादाराला मुकलेले शेतकरी होते, धर्मगुरू होते, अभियंते होते. सरकारी दप्तरातील नोंदी पाहिल्या तरी तेथे वीस हजारांहून अधिक माणसे मेली. याख्रोमा येथील जलपाशाच्या बुरुजांवर तांब्याची सुंदर गलबते बसविली आहेत. ती कोलंबसाच्या ‘सांता मारिया’च्या धर्तीवर केलेली आहेत आणि प्रवासी त्यांची छायाचित्रे हटकून काढतात. काढावीतच, कारण ती खरोखर देखणी आहेत. मात्र गलबत वर बसविणारा आणि खाली गाळ उपसणारा ही एकाच कामावरची माणसे होती, हेही मनात असू द्यावे.

व्होल्गेच्या काठी दुब्ना हे गाव लागते. आज ते अणुविज्ञानाच्या संशोधनासाठी ओळखले जाते. ‘डुब्नियम’ या मूलद्रव्याचे नाव त्यावरूनच पडले. कालव्याच्या तोंडाशी लेनिनचा प्रचंड पुतळा उभा आहे. समोरच्या तीरावर त्याच मापाचा स्टालिनचा पुतळा होता. १९६०च्या दशकाच्या आरंभी तो उडवून देण्यात आला.

आपले जहाज येथून उजवीकडे, प्रवाहाच्या दिशेने वळते. डावीकडे, प्रवाहाच्या उलट वर गेले तर त्वेर शहर लागते. आपल्या वाटेवर ते नाही, तथापि त्याचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. याच त्वेरचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्होल्गेवरून नावेने दक्षिणेस निघाला. वाटेत लुटला गेला, तरी परत न फिरता इराणमार्गे समुद्र ओलांडून तो आपल्या कोकण किनाऱ्यावर चौलच्या बंदरात उतरला. तेथून जुन्नर, मग बहामनी राज्याची राजधानी बीदर, आणि परतीला दाभोळचे बंदर, असा त्याचा प्रवास झाला. वास्को द गामा कालिकतला येण्यापूर्वी जवळजवळ तीस वर्षे ही घटना घडली. निकितिन मायदेशी पोहोचला, पण घरी पोहोचला नाही. स्मोलेन्स्कजवळ त्याला मृत्यूने गाठले. त्याचे टिपण मात्र उरले. त्वेरला व्होल्गेच्या काठी आणि इकडे चौलजवळ रेवदंड्याला त्याची स्मारके आहेत.

थोडे पुढे गेल्यावर काल्याझिनपाशी एक चमत्कारिक दृश्य दिसते. विस्तीर्ण पाण्याच्या मधोमध एक उंच घंटाघर एकटेच उभे आहे. सन १८०० मध्ये बांधलेला, सुमारे ७५ मीटर उंचीचा हा मनोरा मठाच्या चर्चचा होता. उग्लिचचे धरण झाले तेव्हा, १९३९-४० च्या सुमारास, गावाचा जुना भाग पाण्याखाली गेला. चर्च आधीच पाडले होते. मनोरा तेवढा राहिला. प्रवासी त्यास ‘रम्य’ म्हणतात. मला हा शब्द तेथे योग्य वाटत नाही.

उग्लिचला जहाज थांबते आणि येथे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी कान देऊन ऐकावी अशी गोष्ट आहे. ‘भयंकर’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या झार इव्हान चौथा याचा धाकटा मुलगा द्मित्री आपल्या आईसह येथे राहत असे. १५ मे १५९१ या दिवशी हा आठ वर्षांचा मुलगा गळा चिरलेल्या स्थितीत अंगणात मृत आढळला. चर्चची घंटा घणघणू लागली, लोक धावले, आणि ज्यांच्यावर संशय होता त्यांना जमावाने तेथेच ठार केले. मॉस्कोत सत्ता बोरिस गोदुनोव्ह याच्या हाती होती. त्यानेच हा खून करविला, असे लोक म्हणू लागले. चौकशीसाठी वासिली शुइस्की नावाच्या सरदारास पाठविण्यात आले. त्याने निर्णय दिला की, मुलगा सुरीने खेळत असता त्यास फेपरे आले आणि सुरी त्याच्याच गळ्यात रुतली. उठाव केल्याबद्दल पुष्कळ नागरिकांना देहदंड झाला, कित्येकांना सैबेरियात धाडण्यात आले. घंटेलाही शिक्षा झाली! तिने लोकांना चिथावले, म्हणून परंपरेप्रमाणे तिला फटके मारले, तिची ‘जीभ’ उपटली, आणि कैद्यांसोबत तिची तोबोल्स्कला हद्दपारी झाली. तेथून ती १८९२ साली परत आली. आज ती ‘रक्तावरील द्मित्री’ या १६९२ सालच्या चर्चमध्ये पाहावयास मिळते.

घंटेची गोष्ट ऐकून सगळे हसतात. मला शुइस्कीची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १६०५ मध्ये ‘मीच तो द्मित्री, मी मेलोच नव्हतो’ असे म्हणणारा एक तोतया मॉस्कोच्या गादीवर बसला, तेव्हा याच शुइस्कीने राजपुत्र वाचला होता असे सांगितले. पुढच्या वर्षी तोतया मारला गेला आणि शुइस्की स्वतः झार झाला. आता तो म्हणू लागला की, मुलाचा खूनच झाला होता. एक साक्षीदार, एक घटना आणि तीन जबान्या. पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया तुम्हांस ठाऊक आहे. तेव्हा अशा गोष्टी का घडतात याचा विचार वर्गात अवश्य करावा.

पुढचे यारोस्लाव्ह्ल शहर परंपरेप्रमाणे १०१० साली वसले आणि व्होल्गा व कोतोरोस्ल या नद्यांच्या संगमावर आहे. तेथील संत एलिया याचे चर्च स्क्रिपिन नावाच्या व्यापारी बंधूंनी १६४७ ते १६५० मध्ये बांधविले. आतील भिंती १६८०च्या सुमारास गुरी निकितिन आणि सिला साविन यांच्या चमूने रंगविल्या. त्या चित्रांचे नमुने एका डच सचित्र बायबलातून घेतले होते. व्यापाराच्या वाटेने पुस्तक आले आणि पुस्तकातून चित्रे. बायबलातील कथाच त्या, परंतु शेतात पीक कापणारे लोक, त्यांचे रंगीत सदरे, त्यांची वाकलेली पाठ, हे सारे चित्रकारांनी इतक्या आवडीने काढले आहे की, पाहणारा क्षणभर कथा विसरून कापणीच पाहत राहतो.

यारोस्लाव्ह्लहून जहाज पुन्हा मागे वळते आणि रिबिन्स्कच्या जलपाशातून वर चढते. रिबिन्स्क हे एके काळी धान्याच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. दक्षिणेकडून मोठ्या होड्यांतून येणारे धान्य येथे उतरवून कालव्यांत मावतील अशा लहान होड्यांत भरीत. त्या होड्या प्रवाहाविरुद्ध ओढणारे मजूर, म्हणजे ‘बुर्लाक’, येथे हजारोंनी जमत.

जलपाशातून वर आले की अकस्मात काठ नाहीसे होतात. पुढे पसरले आहे रिबिन्स्कचे सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ४,५०० चौरस किलोमीटर. म्हणजे आपला सारा गोवा त्यात बुडून वर जागा उरेल. जहाजावर या वेळी बहुधा संगीताचा कार्यक्रम चालू असतो, कारण बाहेर पाहावयास काही नाही असे समजतात. वस्तुतः पाहण्याजोगे सारे खाली आहे.

१९४१च्या वसंत ऋतूत हे पाणी भरावयास सुरुवात झाली. त्याखाली मोलोगा हे शहर गेले, ज्याचे नाव इतिहासात ११४९ पासून आढळते, आणि त्यासोबत सहाशेहून अधिक खेडी गेली. सुमारे १,३०,००० माणसांना उठावे लागले. घरे ओंडक्यांची होती. लोकांनी ती सुटी करून, ओंडक्यांवर खुणा घालून त्यांचे तराफे बांधले आणि व्होल्गेवरून वाहत नेऊन दुसरीकडे पुन्हा उभी केली. विटांच्या इमारती सुरुंगाने उडविण्यात आल्या. हे धरणही कैद्यांनीच बांधले. यातील सर्वांत मनाला टोचणारी गोष्ट अशी की, मूळ योजनेत पाण्याची पातळी ९८ मीटर धरली होती. त्या पातळीला मोलोगा शहराचा बराच भाग वाचला असता. वीज अधिक मिळावी म्हणून ती १०२ मीटर करण्यात आली. चार मीटरांनी एका शहराचे भवितव्य ठरले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच वर्षी जर्मन सैन्य मॉस्कोच्या वेशीशी आले होते, आणि नोव्हेंबर १९४१ पासून या धरणाची वीज त्या वेढल्या जाऊ पाहणाऱ्या राजधानीला मिळू लागली. ही वीज नसती तर मॉस्कोतील कारखान्यांचे काय झाले असते? प्रश्न खरा आहे. परंतु तो प्रश्न मोलोगाच्या लोकांना कोणी विचारला नव्हता, हेही तितकेच खरे.

सांगे तालुक्यातील मुलांना हे परके वाटणार नाही. १९८०च्या दशकात साळावली धरणाखाली कुर्डी गाव गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे ते जन्मगाव. तेथील महादेवाचे प्राचीन देऊळ दगडन् दगड सुटा करून दुसरीकडे उभारले गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाच्या वाटा आणि घरांचे चौथरे वर येतात, आणि विखुरलेले कुर्डीकर मे महिन्यात तेथे जमून आपल्या देवाचा उत्सव करतात. मोलोगाचेही असेच आहे. पाणी फार उतरले, जसे ते २०१४ साली उतरले होते, म्हणजे रस्त्यांचे फरसबंद दगड आणि भिंतींचे पाये उघडे पडतात. मग जुन्या रहिवाशांची मुले-नातवंडे होड्यांनी तेथे जातात. रिबिन्स्कमध्ये मोलोगाचे एक संग्रहालयही आहे. धरणाचे पाणी दक्षिण गोव्याच्या घराघरांत येते. ते बंद करा असे कोणी म्हणणार नाही, कुर्डीचे लोकही म्हणत नाहीत. ते एवढेच म्हणतात की, आमचे गाव कोठे होते हे ठाऊक असू द्या.

सरोवराच्या उत्तर टोकाला शेक्स्ना नदी मिळते. तिच्यातून वर जाताना गोरित्सी हे लहानसे खेडे लागते. येथून जवळच संत किरिल याने १३९७ साली स्थापन केलेला मठ आहे. किल्ल्यासारख्या जाड भिंती आणि पायथ्याशी शांत सरोवर. थोड्या अंतरावरील फेरापोन्तोव्हो येथे दिओनिसी या चित्रकाराने १५०२ साली आपल्या मुलांच्या साहाय्याने रंगविलेली भित्तिचित्रे आहेत. पाचशे वर्षांपूर्वीचे त्यांचे निळे आणि फिकट तांबूस रंग आजही कोवळे दिसतात. शेक्स्नेच्या उगमाशी क्रोखिनो नावाचे गाव होते. १९६०च्या दशकात पाण्याची पातळी वाढली, गाव गेले, चर्च तेवढे पाण्यात उभे राहिले. अलीकडे काही स्वयंसेवक उन्हाळ्यात तेथे जाऊन ढासळत्या भिंतींभोवती दगडविटांचा बांध घालीत आहेत. सरकारी हुकूम नाही, मजुरी नाही. या वाटेवर पाण्याच्या काठी आपखुशीने चाललेले काम आढळते ते येथे.

पुढे बेलोये, म्हणजे ‘पांढरे’, सरोवर ओलांडले की आपण लेखाच्या आरंभी पाहिलेल्या जलविभाजकापाशी येतो. सेंट पीटर्सबर्ग १७०३ साली वसले तेव्हापासून त्याला धान्य, लाकूड आणि लोखंड पुरविणे ही मोठी चिंता होती, कारण भोवतालची भूमी दलदलीची आणि नापीक. पीटर द ग्रेट याने त्याच वर्षी व्होल्गा आणि बाल्टिक जोडणारा पहिला कालवा त्वेरच्या बाजूने खोदावयास घेतला. दुसरा, अधिक उपयोगी मार्ग १८१० साली येथून निघाला. त्यास झारच्या आईच्या नावावरून मारिइन्स्की म्हणत. त्याला लाकडी जलपाशांची लांबलचक माळ होती. १९६४ साली नवा व्होल्गा-बाल्टिक मार्ग झाला आणि ती सारी माळ अवघ्या सात मोठ्या जलपाशांत आटोपली. वितेग्रा नदीच्या उतारावर त्यांतील सहा आहेत; जहाज त्यांतून सुमारे ८० मीटर खाली उतरते आणि ओनेगा सरोवरात प्रवेश करते.

ओनेगातील किझी बेट हे या प्रवासाचे शिखर मानतात, आणि येथे मला पत्रकवाल्यांशी भांडावयाचे कारण नाही. १७१४ साली बांधलेले येथील चर्च संपूर्ण लाकडाचे आहे. उंची ३७ मीटर, घुमट बावीस. भिंती पाइनच्या ओंडक्यांच्या. टोकाशी खाचा पाडून ओंडका ओंडक्यात बसविलेला. घुमटांवर अ‍ॅस्पेन लाकडाच्या लहान लहान फळ्या माशाच्या खवल्यांप्रमाणे लावल्या आहेत. ऊनपावसाने त्या राखाडी होतात आणि प्रकाश पडला की चांदीसारख्या चमकतात. चर्चमध्ये कोठे खिळाच नाही असे वाटाडे सांगतात. भिंतींपुरते ते खरे आहे. घुमटांवरच्या फळ्या मात्र खिळ्यांनीच बसविलेल्या आहेत, आणि त्यामुळे कारागिरांचे श्रेय मुळीच कमी होत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही इमारत कलू लागली होती. तेव्हा तिचा वरचा भाग आतील पोलादी चौकटीवर तोलून धरला, खालचे थर एकामागून एक काढले, कुजलेले ओंडके बदलले आणि चांगले होते ते पुन्हा जागच्या जागी बसविले. २०२० पर्यंत हे काम चालले. बांधणाऱ्यांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत. मात्र याच किझीच्या परिसरातील शेतकऱ्यांनी, सरकारी कारखान्यांत सक्तीने राबविले जाते म्हणून, १७६९ ते १७७१ या काळात बंड केले होते, ही नोंद राहिली आहे.

ओनेगातून निघणारी स्वीर नदी २२४ किलोमीटर वाहून लादोगा सरोवरात जाते. तिच्या काठी मांद्रोगी हे ‘खेडे’ आहे: रंगीत घरे, लाकडी बाहुल्या, गरम कचोऱ्या. जुने मांद्रोगी दुसऱ्या महायुद्धात, स्वीरच्या काठी आघाडी असताना, नष्ट झाले. हे १९९६ साली प्रवाशांसाठी नव्याने उभारलेले आहे. तेथील कुंभार आणि सुतार आपापल्या कामात खरे निष्णात असतात, खेडे मात्र देखाव्याचे आहे. दोहोंतील भेद ओळखून खरेदी करावी.

लादोगा हे युरोपातील सर्वांत मोठे सरोवर. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४ असा ८७२ दिवस सेंट पीटर्सबर्गला, तेव्हाच्या लेनिनग्राडला, वेढा होता. त्या काळात उपाशी शहराला अन्न पोहोचविणारी वाट या सरोवरावरून जाई. उन्हाळ्यात होड्यांनी, हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावरून मालमोटारींनी. लादोगातून निघालेली नेव्हा केवळ ७४ किलोमीटर वाहते आणि जहाज शहरात येते.

शहराचे वर्णन येथे करीत नाही; त्यास स्वतंत्र लेख हवा. परंतु तेथील रशियन म्युझियममध्ये इल्या रेपिन याने १८७० ते १८७३ मध्ये काढलेले एक मोठे चित्र आहे, ‘व्होल्गेवरील बुर्लाक’. तुमच्यापैकी कोणी कधी तेथे गेला तर त्यापुढे थोडा वेळ उभा राहावे. अकरा माणसे छातीला पट्टे बांधून वाळूतून एक गलबत ओढीत आहेत. सर्वांत पुढचा, डोक्याला फडके गुंडाळलेला कानिन नावाचा माणूस पूर्वी धर्मगुरू होता. रेपिनला तो व्होल्गेच्या काठी भेटला. मधला एक कोवळा मुलगा पट्टा सैल करण्यासाठी धडपडतो आहे. आणि दूर, क्षितिजाजवळ, पाण्यावर एका आगबोटीचा धूर दिसतो.